सोसायटीच्या गेटवर टॅग आणि बूम बॅरिअर: पहिल्या यादीपासून चालू गेटपर्यंत

गेटवर वर-खाली होणारा दांडा, म्हणजे बूम बॅरिअर, बसला की पार्किंगची भांडणे मिटतील, या भरवशावर बऱ्याच सोसायट्यांच्या कमिट्या थेट कोटेशन मागवतात. बॅरिअर बसतो, महिनाभर बरा चालतो, आणि मग वॉचमन केबिनमध्ये बसून रिमोटने एकेक गाडी आत सोडू लागतो. यंत्र तोपर्यंत ठणठणीत असते. घोळ यादीत असतो. सोडून गेलेल्या भाडेकरूचा टॅग (गाडीला चिकटवलेली, गेटने ओळखायची चिप) चालूच असतो, नवी गाडी घेणाऱ्याचा नोंदवलेला नसतो, आणि दुचाकी कुठून जाणार हे कुणी ठरवलेलेच नसते.

हे यंत्र कामे तीनच करते: गाडी ओळखते, आत किती गाड्या आहेत ते मोजते आणि नोंद ठेवते. कोणती जागा कुणाची हे ते ठरवत नाही. ते तुम्हाला कागदावर आधी ठरवावे लागते, म्हणून खालचा क्रम मोडू नका.

१. आधी जागा मोजा

मंजूर नकाशाची प्रत घ्या, मीटर टेप आणि खडू घेऊन खाली उतरा. नकाशात दाखवलेल्या आणि प्रत्यक्षात रंगवलेल्या जागा बहुधा जुळत नाहीत. कुठे दोन खांबांत तिसरी गाडी घुसवलेली असते, कुठे पंपरूमच्या दारासमोर पट्टा मारलेला असतो. प्रत्येक जागेला कायमचा क्रमांक द्या आणि प्रकार लिहा: स्टिल्ट (इमारतीखाली खांबांमधली), उघडी, बेसमेंट, स्टॅकची (एकावर एक गाडी ठेवणाऱ्या सांगाड्याची) वरची, स्टॅकची खालची, दुचाकी, व्हिजिटर. अग्निशमन दलाची गाडी फिरण्याची वाट आणि मीटररूम, पंपरूम, जनरेटर यांच्यासमोरचा भाग मोजणीतून सरळ वगळा. यंत्रात ‘रिकामी जागा’ म्हणून एकदा नोंद झाली की तिथे कुणीतरी हक्काने गाडी लावणारच.

जागेला क्रमांक सदनिकेचाच देऊ नका. वाटप बदलले की सगळे रंगकाम पुन्हा करावे लागते. विंग आणि अनुक्रम पुरे: बी-१४, बी-१५.

२. सभेत ठराव करून घ्या

कमिटीच्या बैठकीत ठरवून काम सुरू केले तर पहिला बॅरिअर बसण्याआधी पहिली तक्रार उपनिबंधकांकडे जाते. आदर्श उपविधींप्रमाणे पार्किंगचे धोरण ठरवण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे. जागा कमी आणि मागणारे जास्त असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप, हीही तरतूद तिथेच आहे. विशेष सभेला पाच पूर्ण दिवसांची आणि वार्षिक सभेला चौदा पूर्ण दिवसांची नोटीस लागते. विषयपत्रिकेत ‘पार्किंग धोरण व गेट यंत्रणा’ असा स्वतंत्र विषय लिहा. ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ या शीर्षकाखाली हा विषय घेऊ नका.

“बिल्डरने मला ही जागा विकली आहे,” असे सांगणारा सभासद प्रत्येक सभेत असतो. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या प्रकरणात ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की स्टिल्टमधले पार्किंग हे गॅरेज नव्हे, आणि बिल्डरला ते सदनिकेपासून वेगळे करून विकता येत नाही. ‘रेरा’ (स्थावर मालमत्ता कायदा) लागू असलेल्या नव्या इमारतींत आच्छादित पार्किंगचा उल्लेख करारनाम्यात असतो, तो वाचूनच यादी करा. असे वाद मिटेपर्यंत ती जागा यादीत ‘विचाराधीन’ अशी दाखवा.

ठरावात एवढे तरी असू द्या: एका सदनिकेला किती चारचाकी आणि किती दुचाकी, दुसऱ्या गाडीचे शुल्क, भाडेकरूचा टॅग कधी बंद होणार, व्हिजिटरची वेळमर्यादा, हरवलेल्या टॅगचा खर्च कुणाचा, आणि गेटच्या नोंदी किती दिवस ठेवायच्या. नव्वद दिवस पुष्कळ झाले. कोण किती वाजता आले-गेले ही माणसाच्या खासगी आयुष्याची माहिती आहे. ती कुणी पाहायची हे ठरवून नावे लिहून ठेवा आणि सभासदाच्या अर्जावर संमतीची सही घ्या.

मोह होतो तिथे एक सूचना. थकबाकीदाराचा टॅग बंद करू नका. थकबाकी वसुलीचा मार्ग सहकार कायद्यात दिलेला आहे. रात्री आजारी माणसाला घेऊन आलेली गाडी गेटवर अडकली तर त्याची जबाबदारी कमिटीवर येते.

३. पद्धत निवडा

टॅग. बहुतेक सोसायट्यांना हाच पर्याय योग्य. चारचाकीच्या काचेवर फास्टॅग असतोच, आणि तो साधा निष्क्रिय यूएचएफ (बॅटरी नसलेला, रेडिओ लहरींवर वाचला जाणारा) टॅग असल्याने गेटवरचा रीडर त्याचा क्रमांक वाचू शकतो. “पैसे कापले जातील का?” हा प्रश्न दहा जण विचारतील. नाही कापले जाणार. टोल कापायला बँकेशी जोडलेली यंत्रणा लागते, सोसायटीचा रीडर फक्त क्रमांक वाचतो. दुचाकीला फास्टॅग नसतो, तिच्यासाठी हेडलाइटवर चिकटणारे वेगळे टॅग घ्यावे लागतात.

नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा. व्हिजिटरच्या नोंदीसाठी उत्तम, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर बॅरिअर उघडू नका. चिखलाने माखलेली प्लेट, ‘दादा’ वाचता यावे म्हणून वाकवलेले आकडे, देवनागरी अंक, यांपुढे तो अडखळतो. १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट कंपनीकडूनच येते, आणि ती कॅमेऱ्याला स्वच्छ वाचता येते. कॅमेरा प्लेटशी ३० अंशांपेक्षा जास्त तिरका नको, आणि रात्रीसाठी इन्फ्रारेड हवाच. समोरून हेडलाइटचा झोत येत असेल तर शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापेक्षा जलद ठेवावे लागते. नाहीतर चित्रात पांढऱ्या डागाखेरीज काही दिसत नाही.

जागेवरचे सेन्सर. मॉलमध्ये छतावरचे लाल-हिरवे दिवे पाहून सभासद हेच मागतात. तिथे येणाऱ्याला मोकळी जागा शोधायची असते. सोसायटीत प्रत्येकाची जागा ठरलेली असल्याने दीडशे अल्ट्रासॉनिक सेन्सर लावून कळणार एवढेच, की देशपांडे घरी आहेत. व्हिजिटरच्या दहा-बारा जागांना लावायचे तर जरूर लावा. छताखाली अल्ट्रासॉनिक, उघड्यावर जमिनीत बसणारे चुंबकीय. बाकी पैसा रीडर आणि केबलवर घाला.

४. यादी तयार करा

खरी मेहनत इथे आहे. १२० सदनिकांची यादी नीट करायला दोन माणसांचे दोन-तीन रविवार जातात. प्रत्येकाकडून घ्यायची कागदपत्रे:

– सही केलेला अर्ज आणि संमती
– आरसीची प्रत
– भाडेकरू असल्यास लीव्ह अँड लायसन्स करार, त्याच्या शेवटच्या तारखेसह
– आरसी कंपनीच्या किंवा नातेवाइकाच्या नावावर असल्यास सभासदाचे तसे पत्र

तक्त्यातले रकाने: सदनिका, जागा, वाहन क्रमांक, प्रकार, मालक की भाडेकरू, टॅगचा क्रमांक, मुदत.

एक्सेलमध्ये हात घालण्याआधी टॅग क्रमांकाचा आणि वाहन क्रमांकाचा रकाना ‘टेक्स्ट’ करून घ्या. टॅगचा क्रमांक चोवीस अक्षरांचा असतो. तो योगायोगाने सगळा आकड्यांचा निघाला तर एक्सेल पंधरा अंकांपुढे शून्ये भरून टाकते, आणि मध्ये ‘ई’ आला तर कधी त्याला घातांक समजते. ०४५५ चे ४५५ होते ते वेगळेच. चुकीच्या क्रमांकाचा टॅग यंत्राला कधीच सापडत नाही, आणि आठवडाभर सगळे रीडरला दोष देत बसतात.

टॅगमध्ये दोन क्रमांक असतात. ईपीसी लिहिता येतो, म्हणजे त्याची नक्कल करता येते. टीआयडी चिपच्या कारखान्यात कायमचा घातलेला असतो. शक्य असेल तर टीआयडीवरच नोंद करा. टेबलावरचा यूएसबी रीडर काचेपर्यंत पोहोचत नाही, म्हणून व्हेंडरकडून दोन दिवसांसाठी हातातला रीडर मागवा आणि पार्किंगमध्ये फिरून टॅग वाचा. काचेवर जुन्या बँकेचा फास्टॅग अजून चिकटलेला असेल तर तो काढायला लावा. रीडर दोन्ही वाचतो आणि कधी नेमका अनोळखी टॅगच आधी पकडतो.

५. गेटवरचे बांधकाम

बॅरिअर गेटच्या रेषेत बसवू नका. निदान सहा मीटर आत घ्या, म्हणजे थांबलेली गाडी पूर्ण आत मावते आणि मागची रस्त्यावर आडवी होत नाही. जागाच नसेल तर सकाळच्या वेळी बाहेर जाणारा बॅरिअर उघडा ठेवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये मागा. तीन सेकंदांत उघडणारा बॅरिअर एक गाडी सोडून पुन्हा तयार व्हायला दहा-बारा सेकंद घेतो. म्हणजे मिनिटाला पाच गाड्या. शाळेच्या वेळी तुमच्या गेटवर किती गाड्या लागतात ते एक दिवस मोजा, मग एक मार्गिका पुरते की दोन लागतात ते आपोआप कळेल.

बेसमेंटच्या तोंडाशी छत कमी असेल तर सरळ बूम वर आपटतो. तिथे मध्ये दुमडणारा बूम लागतो, आणि ऑर्डर देतानाच ते सांगावे लागते.

चौथरा ४५० बाय ४५० मिलिमीटर, ३०० मिलिमीटर खोल आणि जमिनीपासून १५० मिलिमीटर वर. पावसाळ्यात तुमच्या गेटवर पाणी तुंबत असेल तर त्याहून उंच घ्या. बॅरिअरच्या पेटीत पाणी शिरले की आधी कंट्रोल कार्ड जाते. काँक्रीटला सात दिवस पाणी मारा, आणि व्हेंडरने घाई केली तरी त्याआधी बोल्ट आवळू देऊ नका.

रस्त्याखालून दोन पाइप टाका, एकात वीज आणि दुसऱ्यात डेटा. एकाच पाइपात दोन्ही घातले तर रीडर मधूनमधून अडखळतो, आणि ही खोड शोधायला फार त्रास होतो. पाइपात एक मोकळी दोरी ओढून ठेवा, पुढच्या केबलला कामी येते. नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंतच भरवशाची. केबिन त्यापेक्षा लांब असेल तर फायबर.

लूप. बूमखाली जमिनीत तारेचे वेटोळे असते. गाडी त्यावर आहे तोवर बूम खाली येत नाही. तीन मीटरच्या मार्गिकेला दोन मीटर रुंद आणि एक मीटर लांब लूप पुरतो. तारेचे तीन ते चार वेढे, खाच ३० ते ५० मिलिमीटर खोल, कोपरे ४५ अंशांत तिरके कापलेले. काटकोनात कापले तर तार कोपऱ्यावर घासून दोन पावसाळ्यांत तुटते. लूपपासून कंट्रोलरपर्यंतच्या (बूम केव्हा हलवायचा हे ठरवणाऱ्या यंत्रापर्यंतच्या) दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या हव्यात, मीटरला निदान वीस पीळ. सरकत्या लोखंडी गेटापासून एक मीटर दूर राहा, नाहीतर गेट हलले की यंत्राला गाडी आल्यासारखे वाटते. सळया वर आलेल्या असतील तर लूपची जागा बदला.

आपल्याकडे आवारात बहुतेक पेव्हर ब्लॉक असतात. ब्लॉकमध्ये खाच पाडू नका, ते हलतात आणि तार तुटते. ब्लॉक उचला, पीव्हीसी पाइपाच्या चौकटीत लूप बंद करा, वाळूत बसवा आणि वर ब्लॉक परत लावा. हे काम मे महिना संपायच्या आत उरका.

लूपवर दुचाकीबाबत विसंबू नका. प्लॅस्टिक बॉडीच्या स्कूटरमध्ये त्याला जाणवण्याइतका धातूचा पसारा नसतो. बूम डोक्यात बसल्याचे प्रकार असेच होतात. बूमच्या बाजूने दीड मीटरची दुचाकीची वाट वेगळी काढा. काढताच येत नसेल तर फोटोसेल (वाटेतला प्रकाशकिरण अडला की बूम थांबवणारा सेन्सर) आणि बूमच्या खालच्या कडेला रबरी पट्टी, दोन्ही लावा.

६. रीडरची उंची, कोन आणि ताकद

रीडर २.२ ते २.५ मीटर उंचीवर, काचेच्या दिशेने खाली झुकलेला. चार-पाच मीटरवरून टॅग वाचला गेला की पुरे. जास्त रेंज म्हणजे चांगला रीडर, असे समजून ताकद पूर्ण ठेवली की शेजारच्या मार्गिकेतली, कधी आतून वळणारी गाडी वाचली जाते आणि समोर कुणीच नसताना बूम उघडतो. ३० डीबीएमपासून (हे रीडरच्या ताकदीचे माप) सुरू करा, दोन-दोनने खाली या, आणि हव्या त्या जागेबाहेर वाचणे थांबले की तिथे थांबा.

पेटीवर कुठला बँड लिहिला आहे ते पाहा. भारतात या रीडरसाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा आहे. स्वस्तातले काही रीडर अमेरिकेच्या ९०२ ते ९२८ वर लावलेले येतात. इथे मोबाइलच्या लहरी त्याच शेजारात आहेत. सेटिंग बदलून घ्या, बदलत नसेल तर माल परत करा.

काही गाड्यांच्या काचेत धातूचा थर असतो आणि टॅग आतून वाचलाच जात नाही. आरशामागच्या ठिपक्याठिपक्यांच्या भागात थर नसतो, तिथे सरकवून पाहा. तरी जमले नाही तर हेडलाइटचा टॅग द्या.

७. व्हेंडरला विचारायचे प्रश्न

निदान तीन कोटेशन घ्या आणि पुढची उत्तरे लेखी मागा.

इंटरनेट बंद असताना गेट चालेल का? टॅगची यादी कंट्रोलरमध्येच साठवलेली हवी. क्लाउडला विचारून उघडणारे गेट केबल तुटली की बंद पडते.

रीडर कंट्रोलरला कसा जोडणार? ‘विगँड २६’ असे उत्तर आले तर थांबा. त्या जोडणीत ओळख म्हणून फक्त चोवीस बिट पुढे जातात. टॅगचा क्रमांक ९६ बिटांचा. कापून उरलेल्या शेपटीत दोन गाड्या सारख्या दिसू शकतात, आणि मग एकाच्या टॅगवर दुसऱ्याची नोंद पडते. नेटवर्क जोडणी मागा.

ॲडमिन पासवर्ड कुणाकडे? तो सेक्रेटरीच्या बंद पाकिटात हवा. सगळा डेटा एक्सेलमध्ये उतरवता येतो ना, हे करार करण्याआधी समोर बसून करून पाहा.

वीज गेल्यावर किंवा आगीचा अलार्म वाजल्यावर बूम वर जातो का? हाताने उघडायची किल्ली किती, आणि कुठे? एक केबिनमध्ये टांगलेली, एक सेक्रेटरीकडे.

वार्षिक देखभालीत काय येते? बूमची दांडी, स्प्रिंग, कार्ड यांची वेगळी किंमत आताच लिहून घ्या. दांडी मोडतेच.

८. एका घरी दोन गाड्या, जागा एक

या यंत्रणेची खरी करामत इथे दिसते. दोन्ही टॅग एकाच जागेला जोडा. पहिली गाडी आत असेल तर दुसरीला बूम उघडत नाही. कुणी कुणाला सुनवायची वेळ येत नाही.

यात एक खड्डा आहे. सकाळी पहिली गाडी बाहेर पडताना समोर टेम्पो होता, वॉचमनने रिमोटने बूम उचलला, टॅग वाचलाच गेला नाही. यंत्राच्या लेखी ती गाडी अजून आतच. रात्री अकराला दुसरी गाडी येते आणि गेटवर अडकते. म्हणून पहिले तीन महिने हा नियम ‘सूचना’ या पातळीवर ठेवा. बूम उघडेल, वॉचमनच्या पडद्यावर इशारा येईल, तो जागेवर जाऊन पाहील. आणि रिमोटने बूम उचलला की त्या वेळेचा फोटो आपोआप जपला जाईल, अशी सोय मागून घ्या. बाहेर जाताना चुकलेल्या नोंदी रोज रात्री दुरुस्त करणे हे एका माणसाचे ठरलेले काम असू द्या.

९. पाहुणे, डिलिव्हरी आणि गणपती

व्हिजिटरच्या जागा मोजून गेटवर आकडा दाखवणारी पाटी लावा: ‘रिकाम्या ४’. आकडा शून्य झाला की वॉचमनला वाद घालावा लागत नाही. सभासदाने ॲपवरून पास पाठवला तर उत्तम, पण गावाहून आलेल्या आजोबांकडे साधा फोन असणार हे धरून चाला. इंटरकॉमवर घरातून होकार आला की वॉचमनने पास काढावा. अॅम्ब्युलन्स, अग्निशमन, गॅसची गाडी यांच्यासाठी केबिनमध्ये एक मोठे लाल बटण हवे. दाबले की बूम वर जातो आणि पुन्हा दाबेपर्यंत वरच राहतो.

गणपतीचा मंडप बहुधा पार्किंगमध्येच पडतो. त्या दिवसांत कुणाच्या जागा अडतात आणि त्यांना कुठली पर्यायी जागा, याचा तात्पुरता तक्ता पंधरवडाभर आधी यंत्रात भरा आणि त्याला शेवटची तारीख घाला. तारीख विसरली की दिवाळीपर्यंत दोघे एकाच जागेवर हक्क सांगत राहतात.

१०. चालू करण्याआधी पंधरा दिवस

बूम वरच ठेवा आणि रीडर चालू ठेवा. काही न अडवता फक्त नोंदी घ्या. कोणाचे टॅग वाचले जात नाहीत, कोण अनोळखी दिसते, याची यादी रोज फलकावर लावा. मग वीस वेगवेगळ्या गाड्या प्रत्येकी पाच वेळा गेटवरून न्या, त्यांत एक एसयूव्ही, एक जुनी मारुती आणि एक पावसात भिजलेली असू द्या. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव वेळा टॅग वाचला गेला तर शेवटचा हप्ता द्या. त्याआधी नको. वीज घालवून पाहा, इंटरनेटची केबल काढून पाहा, बूमखाली गाडी उभी ठेवून पाहा. बूमखाली माणूस उभा करून पाहू नका, पुठ्ठ्याचा खोका ठेवा.

११. नंतरची निगा

दर आठवड्याला फोटोसेलच्या काचा कोरड्या कापडाने पुसा. धूळ बसली की बूम वरच अडकून राहतो. महिन्यातून एकदा दांडीचे बोल्ट आणि स्प्रिंगचा ताण तपासा. वीज बंद करून दांडी ४५ अंशांवर सोडली तर ती तिथेच थांबायला हवी. खाली पडत असेल तर स्प्रिंग सैल आहे आणि मोटर जास्तीचे ओझे ओढते आहे. मेमध्ये लूपच्या खाचेतले सीलंट, पेटीचे रबर आणि अर्थिंग पाहून घ्या. यूपीएसची बॅटरी वर्षातून दोनदा भार देऊन तपासा.

यादीची निगा तिमाहीला. गेल्या तीस दिवसांत एकदाही न वाचलेले टॅग काढा आणि त्या घरी फोन करा. कुणी गाडी विकलेली असते, कुणी काच बदललेली असते, कुणी परदेशी असते. भाडेकराराची शेवटची तारीख टॅगच्या मुदतीत भरलेली असेल तर त्या रात्री टॅग आपोआप बंद होतो. सात दिवस आधी मालकाला संदेश जाईल अशी सोय करा, म्हणजे करार वाढवला असेल तर तो वेळेत नवी प्रत आणून देईल.

वॉचमनची एजन्सी बदलली तर त्या दिवशीच रिमोट मोजून घ्या, कंट्रोलरमधले जुने रिमोट पुसा आणि नव्या माणसाला तासभर गेटवर उभे राहून शिकवा: लाल बटण कुठे, किल्ली कुठे, पास कसा काढायचा, आणि टॅग न वाचलेल्या गाडीचा क्रमांक कुठल्या वहीत लिहायचा.